सहा कान

१

ओतूरच्या स्थानकात मी अकरा चातुर्मास कान म्हणून बसले. हसू नका, ते कामच तसं होतं.

आम्ही मारवाडातून येऊन जुन्नर-ओतूरच्या पेठांत दुकानं थाटलेले जैन. आमचे साधू पावसाळ्याचे चार महिने उतरतात ते घर म्हणजे स्थानक. आमच्यात केलेलं पाप महाराजांपुढं बोलून दाखवायची रीत आहे. तिला आलोयणा म्हणतात. आपण सांगायचं, महाराजांनी प्रायश्चित्त द्यायचं, कधी उपवास, कधी नुसतं एकवेळ जेवण, आणि आपण ‘तहत्ति’, म्हणजे ‘मान्य’, म्हणून उठायचं. पुरुषाचं चार कानांत भागतं. दोन त्याचे, दोन महाराजांचे. पण साधूंनी बाईशी एकांतात बोलायचं नसतं, म्हणून बाईच्या आलोयणेला तिसरं माणूस लागतं. वयानं जाणती अशी एक बाई भिंतीशी बसते. तिनं ऐकायचं आणि तिथंच विसरायचं. बोलायचं मात्र एक अक्षर नाही. असे झाले सहा कान.

ती तिसरी मी, कस्तुरबाई. कापडवाले नथमल शेठ यांची बायको, पुढं त्यांची विधवा. माझ्याआधी हे काम माझ्या सासूकडं होतं. माझ्या तोंडाला अख्खी पेठ भ्यायची, आणि म्हणूनच बायका माझ्यावर विसंबायच्या. जी तोंडावर बोलते ती मागं बोलत नाही, असा त्यांचा हिशेब.

आणि पापं तरी काय? डोक्यातल्या उवा मारल्या. चोरून बटाटा खाल्ला. सासूच्या नावावर खोटं खपवलं. जावेचं बाळ आजारी पडलं तेव्हा मनातून बरं वाटलं. हे शेवटचं सांगताना चांगल्या चांगल्या बायका रडायच्या. मी भिंतीकडं बघत बसायची.

मी स्वतः मात्र कधी आलोयणा दिली नाही. सासूनं सांगून पाहिलं, नवऱ्यानं विनवून पाहिलं. मी म्हणायची, माझं मी बघून घेईन, मधे कुणी कशाला? पेठेत याची कुजबूज व्हायची. होऊ दे. कुजबुजणाऱ्यांची सगळी पापं माझ्या कानात होती.

ही गोष्ट १९०८ सालच्या चातुर्मासाची. साधू दरवर्षी निराळे यायचे. त्या वर्षी आलेले मोठे महाराज सत्तरीचे होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोबतचे धाकटे महाराज दुपारी भिक्षेला बाहेर पडले की मोठे महाराज खिडकीशी पाटावर बसून आलोयणा ऐकायचे. दार सताड उघडं असायचं. ओसरीवर झाडलोटीला येणारी ठमाबाई जोत्याला टेकून तंबाखू मळायची. तिला आतलं ऐकू जायचं नाही, पण येणारं-जाणारं माणूस तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

२

आमचं उपवासांचं पर्व, पर्युषण, आठ दिवसांवर आलं होतं. दुपारी बायका आटोपून गेल्या आणि मी माझं आसन गुंडाळायला घेतलं, तेवढ्यात एक बाई आत आली.

अंगावर कुसुंबी ओढणी, छातीपर्यंत घुंगट, हातात लाखेच्या बांगड्या. म्हणजे सवाष्ण. आमच्या पेठेतली प्रत्येक बाई मी चालीवरून ओळखते. ही ओळखू येईना. जुन्नरची कुणाची पाहुणी असेल, असं मी धरून चालले. तिनं तीनदा वाकून वंदना केली, महाराजांपासून पाच हातांवर बसली आणि बसताना डावा गुडघा उभा ठेवला. माझाही डावा गुडघा वाकत नाही, मीही तशीच बसते. पण चाळिशी उलटलेल्या निम्म्या बायका तशाच बसतात, त्यात काय!

“दया पाळो,” महाराजांनी आशीर्वाद दिला. “सांगा बाई.”

तिचा आवाज रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा होता.

“सात वर्षांची होते. डिंगोऱ्याला बापाचं वाणसामानाचं दुकान होतं. चुलीवर तिळाच्या चिक्कीचा पाक होता. त्यात हात घालून मी चिक्की चोरली आणि मनगट भाजून घेतलं. विचारलं तेव्हा सांगितलं, बहिरूनं ढकललं. बहिरू आमचा गडी. बापानं त्याला खुंटाळ्याच्या काठीनं मारलं आणि भर पावसाळ्यात घालवून दिलं. त्याला दोन पोरं होती.”

बहिरूचं नाव ऐकलं आणि मी माझं उजवं मनगट पदराखाली घेतलं.

महाराज म्हणाले, “एक दिवस एकवेळ जेवा. आणि त्या माणसाचं नाव घेऊन क्षमा मागा.”

“तहत्ति,” ती म्हणाली. उठली आणि गेली. बांगड्यांचा बद्द आवाज ओसरी ओलांडून गेला.

मी घरी आले. ऐकताना मला ते सारं माझं वाटलं होतं, एवढं पक्कं आठवत होतं. पण ते माझं का वाटलं, ते काही केल्या आठवेना. बहिरू कोण? मी कोणा बहिरूला ओळखत नव्हते. मी स्वतःची समजूत घातली: अकरा वर्षं लोकांची पापं ऐकतेस, कधी तरी दुसऱ्याचं खरकटं आपल्या ताटात पडणारच.

३

दुसऱ्या दिवशी मी ठमाबाईच्या ओंजळीत शेंगा ओतत होते. तिनं माझा हातच धरला.

“बाई, मनगटावरला डाग कुटं गेला वो?”

“कसला डाग?”

“असा काय करता? चांगला रुपयायेवढा भाजल्याला डाग व्हता. उजव्या हाताला. धा वरसं बघतीया मी.”

मी मनगट उलटंपालटं करून पाहिलं. कातडी स्वच्छ होती.

“डाग विरतात, ठमाबाई.”

“लोकाचं इरत असतील. ह्यो न्हाई इरायचा. तुमीच सांगितलं व्हतं मला, डिंगोऱ्याला ल्हानपनी चिक्कीच्या पाकात हात घातला म्हून.”

मी तिला झिडकारलं. म्हटलं, तंबाखू कमी कर. पण घरात जाऊन दिवा लावला आणि ज्योतीशी मनगट धरून बघत बसले. भरदिवसा दिवा लावणारी मी बाई नव्हे. डिंगोऱ्याचं दुकान आठवलं, बाप आठवला, चूलही आठवली. चुलीपुढं मात्र कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी पुन्हा ठमाबाईला गाठलं. म्हटलं, काल दुपारी लाल ओढणीची बाई आली, ती कोणाकडची पाहुणी?

ठमाबाई माझ्याकडं बघतच राहिली. “मला काय इचारता? तुमचीच पावनी न्हवं का? तुमच्याच दारातनं निगाली की ती. मी म्हनलं, बाईंनी पावनीला स्थानकाची वाट दावली, सोता फुडं आल्या.”

माझ्या घरात तेव्हा मी आणि माझे दीर फतेचंदभावजी, दोघंच राहत होतो. भावजी दिवसभर दुकानात. दाराची कडी मी स्वतः घातली होती. तसं बघितलं तर शेजारचं दार आमच्या दारासारखंच, आणि ठमाबाईची नजर आता साठीची. असं मी मनाशी दोनदा म्हटलं.

४

तीन दिवसांनी ती परत आली. तीच वेळ, तोच घुंगट. तसाच डावा गुडघा उभा.

“सासू अंथरुणाला खिळली होती,” तिनं सुरू केलं. “सात महिने मी केलं. एका दुपारी ती पाणी मागत होती. मी चौकात धान्य निवडत होते. मला ऐकू येत होतं. मी उठले नाही. तासभर हाका मारल्या तिनं. आधी सूनबाई म्हणाली, मग माझं नाव घेऊन, मग नुसतं पाणी, पाणी. मी एक एक खडा वेचून काढला. आत गेले तेव्हा ती गप्प झाली होती. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आठ दिवसांनी गेली.”

मी भिंतीकडं तोंड केलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. हे पाप होतं. हे मी स्वतःपाशीही कधी नाकारलं नव्हतं.

महाराजांनी आठ दिवसांचं बिनतुपा-मिठाचं जेवण दिलं. “तहत्ति” झालं. बांगड्या वाजत गेल्या.

आणि मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या रात्री मी लहान पोरीसारखी झोपले. सकाळी उठून गाणं गुणगुणत चूल सारवली. माझ्या तोंडून गाणं ऐकून भावजी चकित झाले.

मग मी झाडत झाडत माजघराच्या पलीकडच्या खोलीत गेले. तिथं एक पलंग होता, उशाशी तांब्या, खुंटीला जपमाळ.

“भावजी,” मी हाक मारली, “या खोलीत कोण झोपायचं हो?”

ते दारात येऊन उभे राहिले. “वहिनी, सकाळी सकाळी थट्टा? आईचा पलंग तो.”

“कुणाच्या आईच्या?”

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना पाहिला. “माझ्या,” ते म्हणाले. “नथमलदादाच्या. तुम्ही सात महिने तिची सेवा केली, वहिनी.”

त्या आलोयणेत ऐकलं ते सोडून सासूबद्दल वर मी जे जे लिहिलं, ते सगळं फतेचंदभावजींनी मला त्या सकाळी बसवून सांगितलेलं आहे. मला ती बाई आठवत नाही. तिचं तोंड, तिची साडी, तिचा आवाज, काही नाही. माझ्या संसाराची वीस वर्षं आहेत, त्यांतून एक बाई कात्रीनं कापून काढली आहे.

तेव्हा मला उमगलं. पाप धुतलं जात होतं खरं, पण ते एकटं जात नव्हतं. ज्याचा अपराध केला, ते माणूसच जात होतं. बहिरू गेला, सासू गेली. आता पेठेला ठाऊक नसलेलं माझं एकच उरलं होतं.

५

पुढचा मजकूर मी त्याच दुपारी जुन्नरच्या बदरुद्दीन कागद्याच्या जाड कागदावर लिहून कनवटीला लावला. तो इथं जसाच्या तसा उतरवते. आठवून न लिहिता उतरवते, याचं कारण लगेच कळेल.

‘चंदा, माझी मुलगी. चार वर्षांपूर्वी गेली तेव्हा वय नऊ. उजव्या भुवईत एक केस पांढरा. मोजताना सात विसरायची, सहावरून आठ. हट्टी, माझ्यावर गेलेली. पर्युषणात सगळ्यांपुढं उठून तिनं आठ दिवसांच्या उपवासाचं पच्चक्खाण, म्हणजे व्रत, घेतलं. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. पाच दिवस हसत गेले. सहाव्या दिवशी दुपारी ताप चढला. संध्याकाळपर्यंत ओठ काळे पडले. मी म्हटलं, खायला देऊ. तिचे वडील म्हणाले, व्रत मोडता येत नाही. भावजी म्हणाले, सकाळी महाराजांना विचारू. सूर्य मावळला होता, आणि मावळल्यावर तर आपण घोटही घेत नाही. मी सगळ्यांना माजघरात पाठवलं. चूल पेटवली. दूध तापवलं, गूळ घातला. तिला उठवून बसवलं. ती म्हणाली, आई, पाप लागेल. मी म्हटलं, मला लागेल, तू पी. दोन वाट्या प्यायली. वाटी बोटानं पुसून चाटली आणि हसली. तिसऱ्या दिवशी तापानं गेली. पेठेनं तपस्विनी म्हणून वाजत-गाजत नेली. मी कुणाला सांगितलं नाही. याचा मला पश्चात्ताप नाही.’

एवढं लिहून मी ठरवलं की स्थानकात जायचंच नाही. तिसरी नसली तर सहा कान होत नाहीत, आणि सहा कान नसले तर महाराज ऐकणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन दिवस मी घरात बसले. तिसऱ्या दिवशी ठमाबाई दारात आली.

“बाई, तुमची पावनी दोन दिस झालं स्थानकाच्या पायरीवर बसून हाय. ना पानी, ना बोलनं. म्हाराज म्हनत व्हतं, आमच्या कानी आलंय ती बाई थांबलीया, तवा उद्या दुसऱ्या कुनाला बसवा. त्या सराफाच्या म्हातारीला निरूप धाडलाय.”

सराफाची म्हातारी ठार बहिरी होती, तरी कान ते कानच. ती भिंतीशी बसली की झालं. माझी चंदा माझ्या पाठीमागं, एका बहिऱ्या म्हातारीच्या साक्षीनं धुवून टाकणार होते. आणि मला समजणारही नव्हतं. मी त्या संध्याकाळी गाणं गुणगुणत चूल सारवली असती.

त्या कल्पनेनं मला जेवढी भीती वाटली तेवढी पुढं घुंगटाआड बघतानाही वाटली नाही. मी ठमाबाईला सांगितलं, “सराफाच्या घरी कळव, उद्या मीच बसणार आहे.”

६

दुपारी पाऊस झिमझिमत होता. ती आली. वंदना केली. मी भिंतीशी होते, हात कनवटीवर.

“सांगा बाई.”

“माझी मुलगी चंदा,” ती म्हणाली. “नऊ वर्षांची.”

मी मनात म्हटलं, माझी. आणि मला जाणवलं की तो शब्द पोकळ झालाय. भुवईत काय होतं? कागदावर आहे. कागदावर आहे ना!

“तिनं आठ दिवसांचं व्रत घेतलं. पाच दिवस गेले.”

नऊ वर्षं दाराबाहेर निघाल्यासारखी निघाली होती. तिचं रांगणं, तिचा पहिला शब्द, ती कुठल्या कुशीवर झोपायची. प्रत्येक वाक्यासरशी एकेक खोली रिकामी होत होती. घाबरून ओरडावं तर कशासाठी ओरडायचं, तेच पुसत चाललं होतं.

“सहाव्या दिवशी ताप चढला. ओठ काळे पडले. सूर्य मावळला. मी तिच्या वडिलांना माजघरात पाठवलं.” ती क्षणभर थांबली. “आणि मी चूल…”

“थांब!”

अकरा वर्षांत त्या भिंतीशी पहिल्यांदा आवाज झाला. मी उठून उभी होते.

महाराजांनी मान वळवली. त्यांच्या पांढऱ्या बुबुळांना काही दिसत नव्हतं. “थांब कोणाला म्हणता, बाई? बोलताय तर तुम्हीच.”

“मी सांगणारी नाही, महाराज. मी तिसरी.”

“तिसरी?” ते गोंधळले. “आवाज तर तोच आहे.”

त्यांनी माझा आवाज तोपर्यंत कधी वेगळा ऐकलाच नव्हता. घुंगट हलला नाही.

“आवाज कुणाचाही असो,” मी म्हटलं, “चूल मी पेटवली. हिनं नाही. दूध मी तापवलं, गूळ मी घातला. पोटची पोर तापानं फणफणली होती, तिला सूर्य मावळल्यावर, व्रतात, मी माझ्या हातानं पाजलं. याचं प्रायश्चित्त मी मागत नाही. तुम्ही दिलंत तर घेणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाजीन. आणि माझ्या नावानं दुसरं कुणी रडून हे धुणार असेल, तर ते मी होऊ देणार नाही. मला नरक मिळायचा तर मिळू दे, मुलगी माझी आहे!”

बाहेर वळचणीचं पाणी टपटपत होतं.

“पच्चक्खाणाची शेवटची ओळ म्हणा,” महाराज म्हणाले.

मी म्हटली. ओळ प्राकृतातली, पण आमच्या घरात ती लहान पोरंही म्हणतात.

“अर्थ?”

“ठाऊक नाही.”

“घरात कुणाला ठाऊक होता?”

“नाही.”

“त्या ओळीत सूट आहे, बाई,” महाराज म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला. “आजारानं जिवाची तळमळ झाली, तर व्रतात औषधपाणी घेता येतं. व्रत घेणारा ते घेतानाच बोलून ठेवतो. तुमची मुलगी ते बोलली होती. विचारायला सकाळपर्यंत थांबायचं कारणच नव्हतं. राहिलं सूर्य मावळल्यानंतरचं. मरणाच्या दारातल्या लेकराला दूध पाजलं त्याचा दोष मी देणार नाही. याला आलोयणा नाही.”

मला बरं वाटायला हवं होतं. मला इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. दुकानात बसून विलायती कापडाच्या ठाणावरचे बारीक छापे वाचणारे दोन बाप्ये माझ्या घरात होते. रोज सकाळ-संध्याकाळ तीच ओळ घडाघडा म्हणत होते. दुपारी ताप चढला तेव्हाच पाजलं असतं तर? हे मी महाराजांना विचारलं नाही.

तेव्हा ती माझ्याकडं वळली. दोन बोटांनी घुंगटाची कड छातीपासून कपाळापर्यंत उचलली, माझ्यापुरतीच.

चेहरा माझा होता. पण त्यावर कधी काही घडलेलंच नव्हतं. कपाळाला आठी नाही, डोळ्यांखाली खळगा नाही, ओठांच्या कडा कशानं दुमडलेल्या नाहीत. धुवून, खळ काढून वाळत घातलेल्या लुगड्यासारखा कोरा. डोळे माझ्याकडं होते आणि त्यांत माझ्याबद्दल काहीच नव्हतं. त्या चेहऱ्यानं हसायचा प्रयत्न केला. तो कसा करतात ते त्याला माहीत नव्हतं.

घुंगट खाली आला.

“त्या बाई गेल्या का?” महाराजांनी विचारलं.

कुठल्या आवाजात उत्तर देऊ, हा प्रश्न होता.

७

त्याला आता बारा वर्षं झाली.

संवत्सरीच्या दिवशी आमच्यात सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. त्या वर्षी मी भरल्या स्थानकात उभी राहिले आणि चुलीपासून हसण्यापर्यंत सगळं मोठ्यानं सांगितलं, क्षमा न मागता. फतेचंदभावजी मान खाली घालून बाहेर पडले. तपस्विनीचं घर म्हणून आमचा जो मान होता तो त्या दिवशी संपला. दोन बायकांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. एक मात्र रात्री नातीला घेऊन आली आणि माझ्या पायाशी बसून राहिली.

भिंतीशी मी पुन्हा बसले नाही. लाल ओढणी मला त्यानंतरही दिसते. चातुर्मासात दुपारच्या वेळी ती स्थानकाच्या पायरीवर बसलेली असते. तिचं वाक्य अर्धं राहिलंय, ते पुरं करायला तिला कुणी बोलावत नाही. ठमाबाई होती तोवर विचारायची, “बाई, ह्या पावनीला जेवायला तरी घालू का?” मी म्हणायची, “घालू नकोस.” मी स्वतः तिच्यासमोरून जाते, वाट बदलत नाही. परवा तिच्यापाशी थांबले. म्हटलं, “बस. मीही अजून मेले नाही.” तिनं मान वर केली नाही, पण बांगड्या एकदा वाजल्या.

बायका विचारतात, कस्तुरबाई, म्हाताऱ्या झालात, आता तरी मन मोकळं करा, आलोयणा द्या. मी हसते.

चंदाची नऊ वर्षं माझ्यापाशी नाहीत. ती कशी रांगली, कशी बोलायची, मला ठाऊक नाही. भुवईतला पांढरा केस मी परक्यानं वाचावा तसा कागदावर वाचते. चंदाला घरातून उचलून नेलं तो दिवस त्या बाईनं उच्चारला नव्हता, पण मीही तो माझा म्हणून सांगितला नव्हता, म्हणून तोही मला दिसत नाही. घुंगटवाली ‘चूल’ म्हणाली, तिथं मी तिला अडवलं. म्हणून माझी मुलगी चुलीपासून सुरू होते. जाळ लागतो, आणि त्या उजेडात एक पोर भिंतीला टेकून उठून बसते. मला आई म्हणते. पाप लागेल म्हणते. मग दोन्ही हातांनी वाटी धरते. एवढीच मुलगी मला आहे. ती दूध पिते आणि हसते, आणि मी तिला आणखी एक वाटी भरून देते.